आमच्या दारातली मेष्ट्रुंची रांगोळी

आमचे शेजारी आमच्याशी पाटीवरून बोलायचे. पाटी म्हणजे खरीखुरी, शाळेतली, लाकडी चौकटीची. दोन घरांच्या मधल्या भिंतीला खिळा ठोकून तिचं तोंड आमच्याकडं केलेलं. पांढऱ्या खडूनं, वळणदार अक्षरात, रोज नाही पण आठवड्यातून तीनदा तरी तिच्यावर काहीतरी उमटायचं. अक्षर बघितलं तर हात जोडावेत आणि मजकूर वाचला तर दगड उचलावा.

मी साताऱ्याहून लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं, पण आमच्या सरस्वतीपुरमच्या गल्लीत ते अजून कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं. हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर, अशी मी पहिल्या सकाळी अंगणात आले आणि समोर पाटी. मराठीत! 'नव्या सुनेस सूचना. केस विंचरून गुंतवळ इकडे टाकू नये. हुकमावरून.'

माझं डोकं फिरलं. मी तशी चिडकीच. माहेरी मला लवंगी म्हणत. म्हटलं, माझ्या केसांची चौकशी करणारा हा कोण उपटसुंभ? आत जाऊन सासूबाईंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अय्यो, ते मेष्ट्रु. सोड. त्याच्याशी आमची मातुकते बंद आहे."

मातुकते म्हणजे बोलणंचालणं. आमच्या सासूबाईंच्या घराण्याला म्हैसुरात शंभरावर वर्षं झालेली, त्यामुळं त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की कुठं कुठली भाषा संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि मेष्ट्रु म्हणजे मास्तर. ते कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नसे आणि मीही घेत नाही.

मराठी ते कुठं शिकले म्हणाल, तर भिंतीवर. देवनागरी शाळेतल्या हिंदीमुळं येत होती आणि बाकीचं सासूबाईंनी शिकवलं. म्हणजे असं की, सासूबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या, त्या तुळशीशी बोलायच्या. भिंतीजवळ वृंदावन, तिथं पाणी घालताना घसा ताणून सुरू. "तुळशीबाई, बघितलंत ना? पेरूची फांदी आपल्याकडं वाकली तर पेरू कुणाचे? ज्याच्या अंगणात पडले त्याचे. सांगा कुणालातरी." दुपारपर्यंत पाटीवर उत्तर हजर. 'बेळगाव कोणाचे ते दिल्लीत ठरेल. पेरूची फांदी माझी आहे.'

मला हसू यायचं. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं भांडण नव्हतं. मेष्ट्रुंनी नगरपालिकेत अर्ज करून आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या कुंपणाकडून जायचं बंद केलं होतं आणि सासूबाई महिनाभर बादल्या भरभरून पाणी परसात नेऊन ओतत होत्या. उलट सासूबाई मिरच्या कुटायला बसायच्या त्या बरोबर वारा त्यांच्या खिडकीकडं वाहत असेल तेव्हा. पलीकडून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला की मुसळाला जोर यायचा. मी दोन्ही बाजूंना मनातल्या मनात शिव्या घालायची. सासऱ्यांचं यात काही नसे. ते पेपर वाचायचे. आमचे हे पहाटे साडेपाचच्या बसनं नंजनगूडच्या कारखान्यात जायचे ते दिवेलागणीला उगवायचे. त्यांना काही सांगितलं की म्हणत, "तू लक्ष देऊ नकोस."

मेष्ट्रुंना वाकडं काही दिसलं की राहवत नसे. उंच, काटकुळे, कमरेला पांढरी पंचे, म्हणजे इकडची लुंगी, आणि बंडीवर बारा महिने तोच तपकिरी स्वेटर. स्वेटरच्या खिशात फूटपट्टी. रेशनच्या रांगेत उभे राहिले तर पुढच्या माणसाच्या खांद्याला पट्टी लावून त्याला रेषेत आणायचे. वाण्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय मीठ मागायचे नाहीत. "गेरे अंदरे गेरे," म्हणायचे. रेघ म्हणजे रेघ. दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत असायची, तिला सगळं गाव नटूनथटून जायचं. हे एकटे छत्री घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहीत, 'काल तिसरी रांग डावीकडे वाकडी होती.'

ती पाटी वाचून मला पहिल्यांदा या माणसाचं वाईट वाटलं. त्यात आमच्यावर आरोप नव्हता, तक्रार नव्हती. तिसरी रांग वाकडी होती हे सांगायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

बायको जाऊन त्यांना तेव्हा पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. आणि त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा अशी की ते आपल्या दारात रोज स्वतः रांगोळी काढत. म्हातारा पुरुष, उकिडवा बसून, करवंटीतली पांढरी पूड चिमटीत धरून! आधी ठिपके मांडायचे, ज्याला इकडं चुक्की म्हणतात, आणि मग त्या चुक्क्यांमधून एक रेघ अशी फिरवायची की ती कुठं सुरू झाली नि कुठं संपली याचा पत्ता लागू नये. पट्टी नाही, दोरी नाही. मी जन्मात तसली रांगोळी पाहिलेली नव्हती. गल्लीतल्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसायच्या म्हणे, मग सवय झाली. पण सासूबाई त्या दाराकडं मान वळवून बघायच्या नाहीत. रस्त्यानं जाताना त्या दाराशी त्यांची पावलं भराभर पडायची.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली आणि तेवढ्यात माझी दोन मुलं पोटातच गेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक चौथ्या. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "पाचव्यापासून बाळंत होईपर्यंत पाठ अंथरुणाला. पाय जमिनीला लावायचा नाही. हेही गेलं तर पुढचं मला विचारू नका." सासूबाईंनी माझी खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी आणली. तिथून आमचा उंबरा दिसायचा, फाटक दिसायचं, भिंत दिसायची आणि पाटी. चार महिने मला तेवढंच जग.

खोटं कशाला सांगू, सासूबाईंनी माझं सगळं केलं. अंथरुणात न्हाऊ घातलं, वेणी घातली, घास भरवले. मी जरा कुशीवर वळले तरी आतून ओरडायच्या, "सुम्मने पडून राहा गं!" म्हणजे गुमान पड. रोज पहाटे सडा घालून रांगोळी काढायच्या आणि आत येऊन माझ्या पोटावर पालथा हात ठेवून म्हणायच्या, "आजचा दिवस झाला." जसं काही एक एक दिवस त्या देवाकडून भांडून आणत होत्या.

मला सातवा लागला आणि परसातल्या धुण्याच्या दगडावर सासूबाईंचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. भात सासरे लावू लागले. घरात कोण बघतंय! पण रांगोळी दारात असते.

मी साताऱ्याची. आमच्याकडं रांगोळी राहिली तर राहिली. म्हैसूरच्या आमच्या गल्लीत तसं नव्हतं. उंबरा कोरा म्हणजे घरात कुणी तरी गेलंय, नाहीतर श्राद्ध आहे. लोक दारात येऊन विचारत नाहीत, उंबरा बघतात आणि आवाज खाली करून पुढं जातात. मला हे चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती.

पहिल्या कोऱ्या सकाळी फुलवाली आली. रोज आमच्या फाटकाशी "हूवा, हूवा" अशी हाळी देऊन मोगरा मोजून द्यायची. त्या दिवशी मी खिडकीतून बघतेय, तिनं वरच्या घरी हाळी दिली, मेष्ट्रुंच्या अलीकडं आली, आमचा उंबरा बघितला आणि गप्प झाली. टोपली डोक्यावर तशीच. आमच्या फाटकावरून पुढं गेली आणि दोन घरं सोडून तिचा आवाज परत सुरू झाला. जाताना तिनं माझ्या खिडकीकडं एकदा बघितलं. त्या बघण्यानं मी दोन्ही हातांनी पोट धरून पडले. तिला वाटलं होतं, माझं तिसरंही गेलं.

सासूबाईंनीही ते पाहिलं होतं. डाव्या हातानं रांगोळी काढणं त्यांना शक्य नव्हतं. शुभकामाला डावा हात त्यांनी जन्मात लावला नव्हता. मी म्हटलं, "यांना सांगा की. बस पकडायच्या आधी चार रेघा ओढतील." सासूबाईंनी मान झटकली. मी म्हटलं, "मग मामंजींना?" त्या एकदम उसळल्या. "पुरुषांनी रांगोळी काढायची? या घरात? बेड!" बेड म्हणजे नको. आणि पदर खोचून आत निघून गेल्या. मला कळेना, या बाईला एवढं लागायला काय झालं.

दुसरी सकाळही कोरी गेली. तिसऱ्या सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि आमच्या उंबऱ्यापुढं रांगोळी होती.

कुणाची ते विचारायची गरजच नव्हती. ती न तुटणारी रेघ म्हैसुरात एकाच हाताची. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, दारात उभ्या राहिल्या, खाली बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग आत गेल्या, डाव्या हातात बादली घेऊन आल्या आणि सगळी बादली त्या रांगोळीवर ओतली.

"अहो, हे काय!" मी किंचाळले.

"हसतोय मेला मला," सासूबाई म्हणाल्या. "माझा हात मोडला म्हणून मला हिणवायला आलाय. माझ्या उंबऱ्यावर!"

भिंतीपलीकडं मेष्ट्रु उभे होते. त्यांनी सगळं बघितलं. मला वाटलं, आता पाटीवर काहीतरी जहरी येणार. पाटी दिवसभर कोरीच राहिली.

चौथ्या सकाळी परत रांगोळी. पहिलीपेक्षा लहान, उंबऱ्याला अगदी चिकटून, जणू दबकत काढलेली. सासूबाईंनी परत बादली आणली. पाणी फाटकातून रस्त्यावर वाहिलं, पांढरं, दुधासारखं. फुलवाली ते पाणी चुकवून पलीकडच्या कडेनं गेली. आणि माझ्या पोटातलं पोर त्या दिवशी दुपारपर्यंत हललं नाही. मी श्वास धरून वाट बघत राहिले. दुपारी एकदा टाच मारली तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या की रांगोळीचा आणि याचा काय संबंध. नसेलही. पण दोन महिने पाठीवर पडून बघा, मग सांगा.

पाचव्या सकाळी मी जागीच होते. सासूबाई बादली घेऊन दारात आल्या आणि माझं डोकं फिरलं.

"सासूबाई, बादली खाली ठेवा."

"तू पड गं."

"ती रांगोळी तुमची नाही. माझ्या पोराची आहे. लोक माझ्या दारावरून मेलेल्या घरासारखे जातायत, कळतंय का तुम्हाला? ओता पाणी. ओता! मी आत्ता उठते आणि चालत येऊन तुमच्यापुढं उभी राहते."

आणि मी खरंच उठून बसले. अंगावरची चादर काढली. दोन्ही पाय खाटेखाली सोडले. थंडगार फरशी तळव्यांना लागली आणि मला भोवंड आली, पण मी पाय वर घेतले नाहीत. सासूबाई माझ्या पायांकडं बघत राहिल्या. फक्त पायांकडं. मग त्यांच्या हातातली बादली दाणकन खाली बसली, निम्मं पाणी त्यांच्याच लुगड्यावर. त्या धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि एका हातानं माझे पाय उचलून खाटेवर ठेवायला लागल्या. "घे गं वर. घे बाई. नाही ओतत. देवाशप्पथ नाही ओतत."

माझे पाय छातीशी धरून त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

मेष्ट्रुंची बायको गेली, तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी पहाटे मेष्ट्रु करवंटी घेऊन आपल्या दारात बसले. सासूबाई दूध घ्यायला फाटकाशी आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि दूधवालीला म्हणाल्या, "बायको गेली, आता ह्यानं बांगड्या तेवढ्या भरायच्या राहिल्यात."

"मराठीत म्हटलं असतं तर निभावलं असतं गं," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा त्याला मराठी कुठं येत होती! मी कन्नडात म्हटलं. मोठ्यानं. दूधवाली हसली. त्याचा हात असा थांबला... आणि मग त्यानं ती रांगोळी पुरी केली. वर बघितलं नाही. तेव्हापासून मी रोज म्हणते, उद्या जाऊन सांगेन, चुकले म्हणून. नऊ वर्षं झाली." त्या तोंडाला पदर लावून रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम.

त्या दिवसापासून रांगोळी राहिली. फुलवाली परत हाळी द्यायला लागली. मेष्ट्रु पहाटे फाटक न वाजवता यायचे, स्वतःच्या झाडूनं झाडायचे, स्वतःच्या तांब्यातलं पाणी शिंपडायचे. आमच्या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. सासूबाई दाराआड उभ्या राहायच्या. बाहेर यायचा धीर व्हायचा नाही. उकिडवं बसून उठताना म्हाताऱ्याचे गुडघे कडकड वाजायचे, ते आत ऐकू यायचं. मग एके दिवशी सासूबाईंनी संध्याकाळीच उंबऱ्याबाहेर एक पाट ठेवून दिला. पाटाला इकडं मणे म्हणतात. दोन दिवस मेष्ट्रु त्या मणेला वळसा घालून बसले. तिसऱ्या दिवशी तिच्यावर बसले. आणि दुपारी पाटीवर आलं, 'मणे उंच आहे.'

"मारायती, बघ याचं!" सासूबाई म्हणाल्या. मारायती म्हणजे अगं बाई. पण त्यांनी माळ्यावरून दुसरा, बुटका पाट काढून घेतला, एका हातानं घासला आणि ठेवला. त्यावर पाटी काही बोलली नाही. आमच्या घरात तेवढ्यावर दोन दिवस आनंद होता.

एकदा मी खिडकीतून त्यांच्याशी बोलले. माझं कन्नड तेव्हा मोडकंतोडकंच होतं. म्हटलं, "मेष्ट्रे, तुमचे उपकार कसे फेडू?" ते चुक्क्या मांडत होते. मला वाटलं ऐकलंच नाही. मग हात न थांबवता म्हणाले, "ती तीस वर्षं आमच्या दारात काढायची. मी रोज ऑफिसच्या साहेबासारखा बाहेर येऊन बघायचो. इथं चुक्की चुकली, इथं रेघ जाड झाली. तीस वर्षांत मी एकदा चांगली म्हटलं नाही. आजारात तिला एकच घोर, उद्या दारात कोण काढणार." पुढची चुक्की ठेवून म्हणाले, "तुम्ही बोलू नका. पडून राहा. बाळाला वारा लागेल." आणि माझ्या खिडकीचं दार बाहेरून लोटून घेतलं.

मला आठवा अर्धा झाला होता आणि एका दुपारी रक्त गेलं. सासूबाईंनी चादर बघितली आणि त्या सासऱ्यांना हाका मारत धावल्या. सासरे धावत जाऊन टांगा घेऊन आले. मला उचलून नेताना मी बघितलं, मेष्ट्रु भिंतीशी उभे होते. त्यांनी भिंतीवर दोन्ही हात टेकले होते आणि ते काही विचारत नव्हते. आमच्यापैकी कुणी काही सांगितलंही नाही. कुणाला सुचणार! कारखान्यात यांना निरोप जाऊन ते परस्पर दवाखान्यात आले. घरी कुणी राहिलंच नाही. टेलिफोन गल्लीत कुणाकडं नव्हता.

पुढचं मी बघितलेलं नाही, पण सासूबाईंनी मला ते इतक्या वेळा सांगितलंय की बघितल्यासारखंच आहे.

पहाटे त्या एकट्या टांग्यातून घरी आल्या. कपडे, तूप, जुनी मऊ लुगडी न्यायला. टांगा गल्लीच्या तोंडाशी सोडला आणि चालत आल्या. आमच्या फाटकात मेष्ट्रु उभे होते. उंबऱ्यापुढं झाडलेलं होतं, पाणी शिंपडलेलं होतं, पण जमीन कोरी होती. हातात करवंटी घेऊन ते नुसते उभे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. रांगोळी काढायची की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मूल गेलं असेल तर त्या दारात एक चुक्कीसुद्धा ठेवायची नाही. आणि जगलं असेल, तर दार कोरं ठेवायचं नाही. विचारणार कुणाला? विचारायचं तर नऊ वर्षांनी तोंड उघडायचं.

सासूबाई त्यांच्यापुढं येऊन थांबल्या. रात्रभर रडून घसा बसला होता, डोळे सुजले होते, आणि या माणसाला असं उभं बघून त्यांना परत हुंदका आला. मेष्ट्रुंनी तो हुंदका बघितला. त्यांनी हळूच करवंटीवर हात झाकला, मान खाली घातली आणि स्वतःच्या घराकडं वळले.

"मेष्ट्रे!"

ते थांबले. सासूबाईंना वाक्य जुळेना. त्या म्हणाल्या, "नमगे वृद्धि."

घरात मूल जन्मलं की दहा दिवस जे पाळतात त्याला आपण सोयेर म्हणतो, इकडं म्हणतात वृद्धि. मेलं की सुतक. 'आम्हाला वृद्धि आहे' एवढंच त्या म्हणाल्या. मेष्ट्रु वळले. त्यांनी सासूबाईंच्या तोंडाकडं बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि पाट वगैरे न शोधता तिथंच ओल्या जमिनीवर बसकण मारली.

"दहा दिवस मला रांगोळीला हात लावता येत नाही," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "घरातल्या कुणालाच नाही. शास्त्र आहे. पण तुम्हाला कुठं वृद्धि आहे?"

मेष्ट्रु चुक्क्या मांडायला लागले होते. एक ओळ, दुसरी, तिसरी. सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांना तूप आठवेना, लुगडी आठवेनात. चुक्क्या फाटकापर्यंत आल्या, फाटकातून रस्त्यावर गेल्या, आणि तेव्हा त्यांनी नऊ वर्षं घशात अडकलेलं बोलायला तोंड उघडलं.

"मेष्ट्रे, त्या दिवशी दूधवालीला मी जे बोलले..."

"काय बोललात?" मेष्ट्रुंनी मान वर केली नाही. "मला त्या वर्षी ऐकू कमी येत होतं." चिमटीतून पांढरी रेघ सुटत होती. "आता काय झालं ते सांगा. मुलगा की मुलगी? मोठ्यानं सांगा."

सासूबाईंनी बसलेल्या घशानं, सगळ्या गल्लीची दारं उघडतील एवढ्या मोठ्यानं, कन्नडात सांगितलं, "हेण्णु मगु, मेष्ट्रे! मुलगी झाली!"